वाफा कुणाचा, किती वर्षांसाठी?

इंग्लंडमधल्या एखाद्या गावातल्या सहा मतदारांनी एकत्र येऊन कौन्सिलला लिहून कळवले, की आम्हाला भाजी पिकवायला जमीन हवी आहे, तर त्या अर्जाचा विचार करणे कौन्सिलला कायद्याने भाग आहे. गावात खरोखरच तशी गरज आहे असे दिसले, तर पुरेसे वाफे उपलब्ध करून देणे हे तिचे कर्तव्य ठरते. मध्य लंडन वगळता हा नियम इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे लागू आहे, आणि तो १९०८ सालचा आहे. नंतर दोन महायुद्धे झाली, साम्राज्य लयाला गेले, भाजी सुपरमार्केटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मिळू लागली. कायदा टिकला, आणि त्याच्या आधाराने आजही तिथे सुमारे तीन लाख वाफे कसले जातात.

घराजवळ, शहरातच, स्वतःच्या हाताने अन्न पिकवावे या कल्पनेवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर भरपूर बोलले गेले आहे. त्यात दोन सूर सारखे ऐकू येतात. एक भाबडा: प्रत्येकाने गच्चीत चार कुंड्या लावल्या की शहर स्वयंपूर्ण होईल. दुसरा कुत्सित: हे सुखवस्तू लोकांचे रविवारचे खेळ आहेत, यातून कुणाचे पोट भरत नाही. दोन्हीकडचे लोक बियाणे, माती, खत आणि उत्पादन यांवर भांडतात. बाग ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची, आणि तिथून बागवाल्याला उद्या कोण उठवू शकते, हे मात्र क्वचित विचारले जाते. वेगवेगळ्या देशांतले अनुभव शेजारी-शेजारी मांडले, तर सगळ्यांत जास्त फरक याच एका गोष्टीने पडलेला दिसतो.

अडीच गुंठ्यांचा हक्क

ब्रिटनमधल्या ‘ॲलॉटमेंट’ची सुरुवात एका लुटीच्या भरपाईतून झाली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात संसदेने कायद्यामागून कायदे करून गावोगावची सामाईक राने आणि कुरणे खासगी कुंपणांत घातली. त्या रानांत गाय चारणारा, सरपण वेचणारा शेतमजूर एका रात्रीत उघडा पडला. १८४५ च्या कायद्याने कुंपण घालताना भूमिहीनांसाठी थोडी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. एका कुटुंबाला जास्तीत जास्त पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. जमीनदारांचा हिशेब सरळ होता. मजूर संध्याकाळी बटाटे खणत बसला तर गुत्त्यावर जाणार नाही आणि गरिबांच्या पोषणाचा गावावरचा भार हलका होईल. मात्र जमीन इतकीही नको, की तो आपल्या शेतावर मजुरीला यायचाच बंद होईल.

पुढे मजुरांना मताचा अधिकार मिळाला तशी ही दया हक्कात बदलत गेली आणि १९०८ चा कायदा आला. तिथला प्रमाण वाफा दहा ‘पोल’ मापाचा असतो. सुमारे २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबात नेमके अडीच गुंठे. १९२२ च्या कायद्याने व्याख्या पक्की केली: पीक मुख्यतः स्वतःच्या कुटुंबासाठी असावे. १९२५ च्या कायद्याने त्याहून महत्त्वाची गोष्ट केली. कौन्सिलने ॲलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकता येणार नाही, असे ठरले. १९५० मध्ये वाफ्यावर कोंबड्या आणि ससे पाळण्याचीही मुभा मिळाली.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा सरकारने पडीक जागा ताब्यात घेऊन लोकांना वाटल्या. १९१८ पर्यंत वाफ्यांची संख्या पंधरा लाखांच्या आसपास गेली. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहिमेच्या काळात ती पुन्हा सुमारे चौदा लाख झाली. शांतता आली, डबाबंद अन्न आले, आणि वाफे ओस पडले. १९६९ मध्ये प्राध्यापक हॅरी थॉर्प यांच्या समितीने तर या वाफ्यांना गरिबीची कळा आली आहे असे ओळखून त्यांना विरंगुळ्याच्या बागा म्हणावे, असे सुचवले. ते नाव लोकांनी घेतले नाही. पण सत्तरच्या दशकात आणि पुन्हा २००० नंतर मागणी वाढली, तेव्हा जमीन होती. संकट नसतानाच्या ओसाड वर्षांत ती कायद्याने धरून ठेवली होती. आज अनेक शहरांत वाफ्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागते.

या कायद्यालाही पळवाटा आहेत. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमधले मॅनर गार्डन वाफे २००७ मध्ये उठवले गेले. वॉटफर्डमधल्या फार्म टेरेस या जुन्या वाफ्यांच्या धारकांनी अनेक वर्षे न्यायालयात झुंज दिली आणि २०१६ मध्ये ते हरले. तरी तिथे जमीन काढून घेणाऱ्याला कारणे द्यावी लागतात, न्यायालयात उभे राहावे लागते, आणि या सगळ्यात वर्षे जातात. एरवी उठवायला एक नोटीस पुरते.

या वाफ्यांवर काय पिकते, हेही शहराबरोबर बदलले आहे. बटाटे, कांदे आणि वाटाण्याच्या शेजारी आता मेथी, कोथिंबीर, लाल माठ आणि काचघरात दुधी दिसतो. पूर्व लंडनमधल्या स्पिटलफील्ड्स सिटी फार्मवर बांगलादेशी स्त्रियांचा ‘कोरिअँडर क्लब’ नावाचा गट आहे. परक्या शहरात घराबाहेर पडायला भाजीचा वाफा हे सगळ्यांना पटणारे निमित्त ठरले.

मुलांच्या मैदानाच्या कडेला

जर्मनीतली गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू होते. लाइपझिगमधले डॉक्टर मोरिट्झ श्रेबर यांचा आग्रह होता, की कारखान्यांच्या शहरातल्या मुलांना खेळायला मोकळी जागा हवी. १८६१ मध्ये ते वारले. त्यानंतर शाळाप्रमुख हाउशिल्ट यांनी त्यांच्या नावाने पालकांची संघटना काढून मैदान मिळवले. गेझेल नावाच्या शिक्षकाने १८६८ मध्ये त्याच मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांचा उत्साह ओसरला आणि तण वाढले, तसे आईबापांनी वाफे हातात घेतले, कुंपणे घातली. ज्या श्रेबरांचे नाव या बागांना आजही दिले जाते, त्यांनी स्वतः एकही वाफा आखलेला नव्हता.

पहिल्या महायुद्धातल्या उपासमारीनंतर, १९१९ मध्ये, जर्मनीने या छोट्या बागांचे भाडे बांधून दिले आणि मनमानी बेदखलीला आळा घातला. १९८३ च्या केंद्रीय कायद्याने आजची चौकट ठरवली: बाग ४०० चौरस मीटरपर्यंत, त्यात झोपडीवजा घर २४ चौरस मीटरपर्यंत, आणि तिथे कायम राहायचे नाही. जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग फळे-भाजीसाठी वापरलाच पाहिजे, हा दंडक २००४ मधल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाच्या निकालाने पक्का झाला. हा एक-तृतीयांशाचा नियम वरवर जाचक वाटतो. पण भाडे नाममात्र आणि संरक्षण भक्कम असण्याचे समर्थन त्याच्यातच आहे. सार्वजनिक सवलत मिळते ती अन्न पिकवण्यासाठी, स्वस्तात फार्महाउस मिळावे म्हणून नव्हे. शिवाय कायमस्वरूपी म्हणून नोंदलेल्या बागा सार्वजनिक कामासाठी काढून घ्यायच्या असतील, तर पर्यायी जागा देण्याची जबाबदारी नगरपालिकेवर येते. देशात आज अशा नऊ लाखांच्या आसपास बागा आहेत.

याच देशात कायद्याच्या चौकटीबाहेरचे प्रयोगही झाले. गटिंगेन शहरात १९९० च्या दशकाच्या मध्यात बोस्नियाहून आलेल्या निर्वासित स्त्रियांनी सांगितले, की इथे आम्हाला सगळ्यात जास्त उणीव भासते ती आमच्या बागांची. त्यातून ‘आंतरराष्ट्रीय बागा’ उभ्या राहिल्या आणि त्यांचे अनुकरण अनेक शहरांनी केले. बर्लिनमध्ये २००९ मध्ये मोरिट्झप्लाट्झ चौकातल्या पडीक भूखंडावर ‘प्रिन्सेसिनेनगार्टन’ सुरू झाले. जमीन भाड्याची आणि मुदत अनिश्चित, म्हणून सगळी भाजी क्रेटमध्ये आणि पोत्यांत. कधीही उचलून नेता यावी अशी. दहा वर्षांनी खरोखरच बहुतेक बाग उचलून एका दफनभूमीच्या मोकळ्या भागात न्यावी लागली. शेजारच्या टेंपेलहोफ विमानतळाचे नशीब वेगळे होते. २००८ मध्ये बंद पडलेल्या त्या विस्तीर्ण मैदानाच्या एका कोपऱ्यात लोकांनी सामुदायिक वाफे केले. मैदानाच्या कडेने घरे बांधण्याची योजना आली तेव्हा २०१४ मध्ये शहरभर सार्वमत झाले आणि बर्लिनकरांनी बांधकाम नाकारले. घरांची तीव्र टंचाई असलेल्या शहरात हा कौल बरोबर होता का, यावर तिथे अजून वाद चालतो. तो वाद खरा आहे, आणि मुंबई-पुण्यात हा विषय काढणाऱ्याला त्याला तोंड द्यावेच लागेल.

संकटातली हिरवळ

ज्या बागा केवळ संकटाच्या पोटी जन्मल्या, त्यांचे आयुष्य संकटाइतकेच राहिले. १८९३ च्या मंदीत डेट्रॉइटचे महापौर हेझेन पिंग्री यांनी शहरातले रिकामे भूखंड बेकारांना बटाटे लावायला दिले. लोकांनी त्यांची टिंगल केली, मग दुसऱ्या शहरांनी नक्कल केली. मंदी सरली आणि भूखंड मालकांकडे परत गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी ‘व्हिक्टरी गार्डन’ होती. व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही एलिनॉर रूझवेल्ट यांनी भाजी लावून घेतली. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे देशातली ताज्या भाजीची ४० टक्के गरज या बागांनी भागवली. युद्ध संपल्यावर त्या जवळजवळ सगळ्या पुसल्या गेल्या, कारण त्या देशभक्तीच्या आवाहनावर उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे कायद्याचे कलम नव्हते.

क्युबाने यातून वेगळी वाट काढली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल, खत आणि कीटकनाशके अचानक आटली. ट्रॅक्टर थांबले, गावाकडची भाजी हवानापर्यंत आणायला ट्रकला डिझेल नव्हते. मग शहरातल्याच रिकाम्या जागांत सिमेंटच्या पट्ट्यांनी आखलेले उंच वाफे, गांडूळखत, मिश्र पिके आणि बागेच्या दारातच विक्री अशी पद्धत रुजली. तिला ‘ऑर्गनोपोनिको’ म्हणतात. हवानाच्या उपनगरातली अलामारची सहकारी बाग १९९७ मध्ये छोट्या तुकड्यावर सुरू झाली आणि सुमारे दहा हेक्टरांपर्यंत वाढली. यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, सरकारने मालकी स्वतःकडे ठेवून कसण्याचा हक्क लोकांना मोफत दिला, म्हणून टंचाईची पहिली लाट ओसरल्यावरही बागा उभ्या राहिल्या. दुसरी, या बागांनी शहराला पालेभाज्या आणि मसाल्याच्या वनस्पती दिल्या. तांदूळ आणि गव्हासाठी क्युबा आयातीवरच अवलंबून राहिला. ‘क्युबा स्वयंपूर्ण झाला’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. रशियातही नव्वदच्या दशकात लोकांना जगवले ते गावाबाहेरच्या घरगुती तुकड्यांनी. सोव्हिएत काळापासून प्रत्येकी सहाशे चौरस मीटरचे हे तुकडे कुटुंबांच्या ताब्यात होते, आणि देशातले बहुतांश बटाटे त्या वर्षांत अशा घरगुती जमिनींवर पिकले. पगार बुडाले, पण जमीन आधीपासून हातात होती.

हक्क नसला की काय होते, याचे सगळ्यांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेतल्या दोन शहरांत सापडते. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात घरमालक इमारती सोडून देत होते, जाळत होते. लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींच्या ‘ग्रीन गेरिला’ गटाने १९७३ मध्ये मॅनहॅटनमधल्या एका राडारोड्याच्या भूखंडाची बाग केली. पुढच्या वर्षी महापालिकेने ती महिना एक डॉलर भाड्याने दिली, आणि १९७८ पासून अशा बागांसाठी ‘ग्रीनथंब’ ही योजनाच चालू झाली. वस्त्या सावरल्या. बागांच्या आसपास मालमत्तेचे भाव वाढतात, विशेषतः गरीब वस्त्यांत, हे न्यूयॉर्कमधल्याच अभ्यासाने पुढे दाखवून दिले. पण जमीन महागली तशी महापालिकेची नजर फिरली. १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांनी शंभराहून अधिक बागांचा लिलाव पुकारला. ऐनवेळी दोन संस्थांनी, त्यातली एक अभिनेत्री बेट मिडलर यांची, मिळून ११४ बागा सुमारे ४२ लाख डॉलरना विकत घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. २००२ मध्ये तडजोड होऊन शेकडो बागा राखल्या गेल्या आणि काही जागा घरबांधणीला गेल्या. ज्यांनी वस्ती राहण्याजोगी केली, त्यांनाच तिच्या वाढलेल्या किमतीने हुसकावले जावे, ही या चळवळीपुढची कायमची अडचण आहे.

लॉस एंजेलिसमध्ये वाचवणारे पैसे वेळेत उभे राहिले नाहीत. १९९२ च्या दंगलींनंतर दक्षिण भागातल्या चौदा एकर जागेवर सुमारे ३५० कुटुंबांनी, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्यांनी, मका, निवडुंग आणि औषधी वनस्पतींची बाग केली होती. महापालिकेने जमीन जुन्या मालकाला परत विकली, आणि जून २००६ मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात बुलडोझर फिरला. त्यानंतर अनेक वर्षे ती जागा रिकामीच होती.

पोट किती भरते?

आता उत्पादनाचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाजी खावी असे सांगते. चौघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण ५८५ किलो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या ॲलॉटमेंटवर प्रत्यक्ष मोजलेले उत्पादन चौरस मीटरला दोन किलोंच्या थोडे वर भरले. दोन किलोच धरू. अडीच गुंठ्यांचा वाफा वर्षाला ५०० किलो देतो, म्हणजे कुटुंबाची गरज जवळपास भागते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर चार महिन्यांची भाजी निघते. फ्लॅटच्या गॅलरीतल्या चार चौरस मीटरमध्ये वर्षाकाठी पाच दिवसांची. आपल्याकडे पाणी असेल तर बारा महिने पीक घेता येते, त्यामुळे आकडे याहून बरे येऊ शकतात. तरीही कुंड्यांनी स्वयंपूर्ण होण्याची भाषा किती फोल आहे, आणि अडीच गुंठे किती अमोल आहेत, हे दोन्ही या साध्या गुणाकारातून कळते. धान्य, डाळी आणि तेल हे शेतकऱ्याकडूनच येणार, त्याला पर्याय नाही.

शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्यांच्या शहराचा असाच हिशेब मांडला. घरगुती बागा आणि सार्वजनिक हिरव्या जागांपैकी फक्त दहा टक्के भाग भाजी-फळांसाठी वापरला, तर शहरातल्या पंधरा टक्के लोकांची वर्षभराची फळे-भाजी तिथेच पिकू शकते. त्याच गटाने लेस्टरमध्ये पूर्वी दाखवले होते, की ॲलॉटमेंटच्या मातीत सेंद्रिय कार्बन आसपासच्या शेतजमिनीपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त असतो. शेणखत, पालापाचोळा आणि वर्षानुवर्षे एकाच माणसाचा हात, याचे ते फळ.

आरोग्याबाबतचा पुरावा पूर्वी बराचसा ऐकीव होता. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर भागात सुमारे तीनशे प्रौढांवर केलेला नीट प्रयोग प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला लगेच वाफा मिळाला, दुसऱ्याला थांबायला सांगितले. वाफेवाल्यांच्या आहारात तंतुमय पदार्थ दिवसाला सुमारे दीड ग्रॅमने वाढले, हालचाल आठवड्याला चाळीसेक मिनिटांनी वाढली, ताण घटला. आकडे छोटे आहेत, पण खरे आहेत. औषधाच्या जाहिरातीसारखी चमत्काराची भाषा त्यांना शोभणार नाही.

पर्यावरणाबाबत तर सावधच राहायला हवे. २०२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या ७३ शहरी बागा-शेतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शहरात पिकवलेल्या अन्नाचा कार्बनभार, दर वाढपामागे, नेहमीच्या शेतीच्या सरासरी सहा पट निघाला. कारण भाजीत नव्हते. लाकडी-सिमेंटचे वाफे, शेड, पाण्याच्या टाक्या अशा बांधकामांत होते. आणि तिथेच एक मोलाचे निरीक्षण आहे: पाच वर्षे वापरलेला वाफा वीस वर्षे वापरलेल्या वाफ्याच्या जवळपास चौपट भार टाकतो. म्हणजे बाग पर्यावरणपूरक ठरते की नाही, हेही शेवटी तिच्या मुदतीवर येते.

परस गेले, गच्ची उरली

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारा अळू आणि केळी, आषाढात मांडवावर चढवलेले दोडके, पडवळ आणि घेवडा, कुंपणाला शेवगा, दारात कढीपत्ता आणि गवती चहा, ही परसबाग दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गावातल्या बहुतेक घरांची होती आणि शहरातल्या वाड्यांतही असायची. १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान निवासाची हिरवळ नांगरून घेतली, तेव्हा लोकांना त्यात नवल वाटण्यापेक्षा आपलेपणा वाटला. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि परस गेले.

त्याच सुमारास कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर आपल्या ‘प्रयोग परिवारा’तून सांगत होते, की दहा गुंठ्यांत एका कुटुंबाला सुखाने जगता येते. सूर्यप्रकाश पकडणारी पाने किती, घरातला सेंद्रिय कचरा किती, याचा ते गणिती हिशेब मांडत. ब्रिटिश संसदेने मजुराला याहून जास्त जमीन देऊ नये म्हणून घातलेली पाव एकराची मर्यादा आणि दाभोळकरांनी पुरेशी मानलेली जमीन एकच आहे. एकाला तेवढ्यात मजुराची गरज शिल्लक ठेवायची होती, दुसऱ्याला ती संपवायची होती.

ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. तेवढे वजन गच्चीवर टाकणे धोक्याचे. म्हणून उसाचे चिपाड, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि अगदी थोडी माती, अशी हलकी पद्धत मुंबईत आर. टी. दोशी यांनी आणि दाभोळकरांच्या विचारांनी भारलेल्या इतरांनी रुजवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हजारो कामगारांचे जेवण रांधणाऱ्या मुदपाकखान्याच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून याच तऱ्हेने फळझाडे आणि भाज्या वाढवल्या. खालचा कचरा वर गेला आणि त्याची बाग झाली. आज मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याचे बंधन आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते घातले. परिणामी शहरात खत तयार होते, आणि ते कुठे घालायचे असा प्रश्न पडतो.

पण सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते. खालच्या मजल्यावर ओल दिसली की पहिला संशय वांग्याच्या पिंपावर. वार्षिक सभेतला एक ठराव, बदललेली कमिटी किंवा पुनर्विकासाचा करार, एवढ्यावर बाग उठते. ब्रिटिश वाफ्यामागे मंत्र्याची संमती उभी आहे. आपल्या गच्चीवरच्या बागेमागे सेक्रेटरीचा मूड.

गच्चीखालच्या मुंबईत भाजी पिकते ती रुळांच्या कडेला. रेल्वेने आपल्या मोकळ्या जागा ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली कर्मचाऱ्यांना परवान्यावर दिल्या. पालक, लाल माठ, मुळा, भेंडी यांचे ते हिरवे पट्टे प्रत्येक लोकलप्रवाशाच्या ओळखीचे आहेत. प्रत्यक्ष कसणारे हात बहुतेक वेळा उत्तर भारतातून आलेल्या मजुरांचे, आणि पाणी जवळच्या नाल्याचे. आक्षेप पाण्यावर आहे आणि तो रास्त आहे. दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानातल्या भाजीत जड धातू आढळल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे खाण्याची पिके घेण्यावर बंदीच घातली. नदीत विष सोडणारे कारखाने आणि सांडपाणी न शुद्ध करणाऱ्या यंत्रणा राहिल्या बाजूला, आणि शिक्षा भोगली ती कसणाऱ्यांनी. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत मात्र शहराच्या सांडपाण्यावर मासे आणि भाजी वाढवण्याची जुनी रीत आहे. ध्रुवज्योती घोष यांच्या चिकाटीमुळे तिचे मोल ओळखले गेले आणि २००२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचे संरक्षण मिळाले. तिथे सांडपाणी आधी उथळ तळ्यांत उन्हात मुरते. रुळांकडेच्या भाजीला तशी सोय कुणी करून दिली नाही.

गावाकडे जमीन आहे, पण ती द्यायला मालक धजत नाही. ‘कुळ लागेल’ ही भीती. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने लाखो कसणाऱ्यांना न्याय दिला. त्याची सावली अशी, की आज कोकणातला मुंबईकर मालक घरामागची वाडी पड ठेवील, शेजारणीला भाजी लावायला लिहून देणार नाही. गोव्यात तर गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, ही सामाईक जमिनीची शतकानुशतकांची संस्था आहे. जमीन गावकऱ्यांची एकत्र, तिचे तुकडे कसायला लिलावाने द्यायचे, उत्पन्नातून बांध-बंदिस्ती करायची, उरले ते वाटून घ्यायचे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत हे रिवाज लिहून काढले, म्हणजे ते त्याआधीचे. आज त्या जमिनींवर अतिक्रमणे आहेत, शेते पड आहेत, आणि रोजची भाजी बेळगावहून येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने ट्रक अडले, तेव्हा आगशीच्या वांग्यांचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यात भाजीसाठी वणवण झाली.

केरळमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री मोहिमेने ही अडचण गटाच्या बळावर सोडवली. पाच-दहा बायका मिळून पड जमीन भाड्याने घेतात आणि एकत्र कसतात. एकट्या कुळाला नाकारणारा मालक, पाठीशी पंचायत उभी असलेल्या गटाला नाकारत नाही. महाराष्ट्रात ‘उमेद’च्या बचतगटांनी पोषण परसबागांची मोहीम चालवली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारून परसबागांसाठी बियाणे दिले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळांमध्येही परसबागा आहेत. त्यांची गंमत अशी, की उन्हाळ्यात पाणी घालायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा शाळेला सुट्टी असते. आवाराची किल्ली वस्तीतल्या एखाद्या गटाकडे असेल, तर ती बाग वर्षभर जगेल.

मागायचे ते काय?

मुंबई-पुण्यात माणसाला राहायला जागा नाही आणि तुम्ही वांग्यांना जागा मागता, हा आक्षेप गंभीर आहे. त्यावर उत्तर एवढेच, की नवी जमीन मागण्याची गरज पहिल्या टप्प्यात नाही. शाळा, इस्पितळे आणि सरकारी वसाहतींची आवारे, महापालिकेच्या उद्यानांतले कोपरे, विकास आराखड्यात आरक्षित असूनही वर्षानुवर्षे तसेच पडलेले भूखंड, हे सगळे आजही आहे. सिंगापूरसारख्या दाटीच्या शहरातही उद्यान मंडळ नागरिकांना अडीच मीटर बाय एक मीटरचे वाफे तीन वर्षांच्या मुदतीने देते.

आढाव्यातून निघणाऱ्या अटी मोजक्या आहेत. मुदत किमान दहा वर्षांची हवी, आणि कागदावर हवी. कुळाचा हक्क लागणार नाही असे त्यात स्पष्ट लिहिले, तर खासगी मालकही पुढे येतील. जागा काढून घ्यायची झाल्यास पर्यायी जागेची जर्मन अट हवी. माती आणि पाणी आधी तपासून द्यायला हवे, कारण शहरी मातीत शिसे असू शकते आणि नाल्याचे पाणी भाजीला चालत नाही. वाफ्यांचा ठरावीक हिस्सा ज्यांना गॅलरीही नाही अशा वस्त्यांसाठी राखून हवा. नाहीतर यादीत आधी नाव लावणाऱ्या सुशिक्षितांचीच ही बाग होईल. आणि जर्मनीसारखा दंडक हवा: जमीन अन्नासाठी वापरा, नाहीतर पुढच्याला द्या.

महापालिका एवढे बांधून घ्यायला सहजी तयार होणार नाही. तिला अकरा महिन्यांचा करार सोयीचा वाटेल, आणि उद्घाटनाला फोटोही चांगला येईल. पण मेथी महिन्याभरात उपटता येते, शेवग्याला शेंगा धरायला वर्ष-दोन वर्षे लागतात, कलमी आंब्याला चार-पाच. अकरा महिन्यांच्या करारावर शहाणा माणूस मेथीच लावील.